आजीचं गाणं जपायचं, तर आधी तिचा आवाज

नव्वदीला टेकलेल्या, आयुष्यभर गाण्यात रमलेल्या आजीच्या आठवणी लिहायला बसलं की बहुतेक जण जन्मतारखेपासून सुरू करतात. मग शिक्षण, लग्न, मुलं. अशा क्रमानं विचारलं की उत्तरंही अर्ज भरल्यासारखी येतात. तिला गाण्यांवरून विचारा. हे कुणाकडून शिकलीस, तेव्हा घरात कोण कोण होतं, कुणाला आवडायचं नाही? एका गाण्यामागून माणसं, घरं, भांडणं सगळं ओळीनं येतं.

गाणं कशावर ऐकलं हेही विचारायचंच. साल विसरतं, यंत्र सहसा विसरत नाही. दहा इंची, मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटं चालायची. एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, बाजारात आली १९४८ मध्ये, कॅसेट १९६३ मध्ये आणि सीडी १९८२ मध्ये. त्यामुळे "गाणं संपलं की लगेच तबकडी उलटायला पळायचो" असं ती म्हणाली तर ती बहुधा ७८ ची तबकडी असणार, आणि आठवणीत कॅसेट असेल तर ती १९६३ च्या आधीची असूच शकत नाही. तेव्हा घरातलं कुठलं मूल केवढं होतं हे जोडीला विचारलं की साल दोन-तीन वर्षांच्या फरकात सापडतं.

पण लिहिणं नंतर. जुन्या कॅसेटी, वह्या, फोटो हेही नंतर. ती गुणगुणत असेल तर आधी तिचा आवाज रेकॉर्ड करून घ्यायचा. कॅसेट आणखी काही महिने थांबू शकते.

साध्या मोबाइलवर काम उत्तम होतं, मात्र एक अडचण आहे. फोनमधली रेकॉर्डिंगची अ‍ॅप बहुधा बोलणं टिपण्यासाठी बनवलेली असतात. बोलण्यात सूर सतत बदलतो, म्हणून एकाच पातळीवर टिकून राहिलेला आवाज त्यांना पंख्याच्या घरघरीसारखा वाटतो आणि ती तो दाबून टाकतात. आजीनं शेवटचा सूर लांबवला की रेकॉर्डिंगमध्ये तो अर्ध्यात विरतो. दम तिचा संपलेला नसतो, फोननं तो सूर खाल्लेला असतो. सेटिंगमध्ये आवाज आपोआप कमी-जास्त करणं आणि गोंगाट काढणं, दोन्ही बंद करा. तशी सोय नसेल तर दुसरं अ‍ॅप घ्या. फाइल वेव्ह (WAV) प्रकारात, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, एकाच चॅनलवर (मोनो). तासाला साधारण ५०० एमबी जागा जाते, तेवढी जाऊ द्यावी. पातळी दाखवणारी पट्टी उणे १२ डेसिबलच्या आसपास नाचू दे. शून्याला टेकली की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर नीट होत नाही.

फोन तोंडापासून दीड वीत अंतरावर, थोडा बाजूला आणि हनुवटीच्या खाली ठेवा. अगदी समोर ठेवला तर 'प', 'फ', 'भ' म्हणताना हवेचा झोत थेट आदळतो. फोनखाली घडी केलेला टॉवेल घाला, नाहीतर तिनं टेबलावर धरलेला ताल धाडधाड उमटतो. एअरप्लेन मोड लावा, पंखा बंद करा, टिकटिकणारं घड्याळ खोलीबाहेर न्या.

बसायला पाय जमिनीला टेकतील अशी खुर्ची हवी, कारण पलंगावर रेलून बसलं की श्वास पुरत नाही. कवळी सैल असेल तर 'स' आणि 'श' शिटी मारतात, तेव्हा ती आधी नीट बसवून घ्यावी. एका वेळी वीस-पंचवीस मिनिटं पुष्कळ झाली. आणि गाण्याची पट्टी तिला ठरवू द्या. वयानुसार बायकांचा आवाज खाली उतरतो. तरुणपणी जे गाणं पेटीच्या काळी चार पट्टीत म्हणत असेल ते आता दोन-तीन स्वर खालून निघेल, आणि तेच बरोबर. मूळ पट्टीत गायचा आग्रह धरला की दोन ओळींत घसा बसतो आणि ती "आता नाही जमत" म्हणून उठते.

ओळ अडली तर शब्द सुचवू नका. पाठ झालेलं गाणं साखळीनं आठवतं. मागची ओळ नुसती चालीवर गुणगुणली की पुढची बहुधा आपसूक येते. विस्मरणाचा आजार असलेल्या कितीतरी माणसांतही बोलण्यातले शब्द हरवले तरी जुनी गाणी टिकून असतात, म्हणून "तिला आता काय आठवणार" असं आधीच धरून चालू नये. गाणं संपलं की लगेच रेकॉर्डिंग थांबवू नका, निदान एक मिनिट चालू ठेवा. "हे आम्ही चोरून म्हणायचो" यासारखं वाक्य नेमकं तेव्हा येतं.

कानाचं मशीन असेल तर त्याचीही अडचण फोनसारखीच. मशीन शिटी मारू नये म्हणून त्यात एक सोय असते, आणि लांबलेला सूर त्या सोयीला शिटीसारखाच वाटतो. मग तो सूर आजीला थरथरता, बेसूर ऐकू येतो आणि आपलाच गळा गेला असं तिला वाटू लागतं. अनेक मशीनमध्ये संगीतासाठी वेगळा प्रोग्राम बसवता येतो. कान तपासून मशीन बसवणाऱ्या तज्ज्ञाकडून तो लावून घ्या. कितीतरी आज्यांचं गाणं ऐकणं सुटतं ते इथे, आणि घरच्यांना वाटतं आवडच संपली.

आता कॅसेटी. वाजवण्याआधी वरच्या कडेचे प्लॅस्टिकचे दोन चिमुकले तुकडे मोडून टाका, म्हणजे चुकून त्यावर रेकॉर्ड होणार नाही. प्लेअरचं हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) आणि रबरी चाक आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून पूर्ण वाळू द्या. टेप एकदा शेवटपर्यंत पुढे नेऊन परत गुंडाळा, वर्षानुवर्षं एकाच ताणात पडलेली वेटोळी मोकळी होतात. ९० मिनिटांच्या कॅसेटची टेप ६० वालीपेक्षा पातळ असते, तिला वारंवार मागेपुढे करू नका.

आवाज दबलेला आला तर कॅसेटच्या खालच्या खिडकीत डोकावून पाहा. मधोमध धातूच्या पट्टीवर नखाएवढा लोकरीचा तुकडा असतो. टेपला हेडवर दाबून धरायचं काम त्याचं, आणि जुना गोंद सुटला की तो गळून पडतो. दुसऱ्या, स्क्रू असलेल्या कॅसेटच्या कवचात टेपची दोन्ही गुंडाळी हलवली की गाणं परत स्वच्छ ऐकू येतं. गाणं उलटं वाजतंय असं वाटलं तर आत टेपला पीळ पडलेला आहे. तुटलेली टेप साध्या चिकटपट्टीनं जोडू नये. तिचा गोंद पाझरतो आणि शेजारची वेटोळी चिकटतात. टेप जोडायची खास पट्टी मिळते.

संगणकात घेताना केबल प्लेअरच्या लाइन-आउटमधून लाइन-इनमध्ये लावायची, माइकच्या खाचेत नाही. खरखर काढण्याचा मोह आवरा. जास्त साफ केलं की श्वास जातात, आणि आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. मूळ फाइलला हात न लावता साफसफाई प्रतीवर करा.

आजी हयात नसेल तर पहिल्यांदा नातेवाइकांचे जुने फोन तपासा. वाढदिवसाला पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅपवरचा आवाजी निरोप फोन बदलताना सगळ्यात आधी हरवतो. तो निर्यात करून घ्या, जशी असेल तशी फाइल ठेवा.

फाइलच्या नावात वर्ष, महिना, दिवस या क्रमानं तारीख आणि गाण्याची पहिली ओळ लिहा. सोबतच्या कागदावर शब्द ती म्हणते तसेच उतरवा. छापील शब्दांशी जुळत नसले तरी दुरुस्त करू नका, ते पाठभेद तिचे आहेत. तीन प्रती करा. दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक दुसऱ्या घरात. सगळं कुटुंबाच्या ग्रुपवर टाकण्याआधी तिला विचारा. काही गाणी ती फक्त एखाद्या नातीसाठी म्हणालेली असते, ती त्या नातीलाच द्यावीत.