नव्या मंडळीची पहिली वर्षे

नवी मंडळी, म्हणजे ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांचा स्थानिक समुदाय, स्थापन करण्याच्या सेवेत सर्वांत जड जाते ते वाट पाहणे, असे मला मनापासून वाटते. इंग्रज मिशनरी विल्यम केरी १७९३ मध्ये बंगालमध्ये आले आणि त्यांच्या मिशनमधील पहिले बंगाली विश्वासणारे कृष्ण पाल यांचा बाप्तिस्मा १८०० च्या डिसेंबरात झाला. अमेरिकन मिशनरी ॲडोनिराम जडसन १८१३ मध्ये ब्रह्मदेशात पोहोचले, तरी पहिल्या बाप्तिस्म्यासाठी त्यांना १८१९ पर्यंत थांबावे लागले. या वर्षांत दोघेही भाषा शिकत आणि भाषांतर करत राहिले, ही गोष्ट मला फार धीर देते.

पैशाची चणचण असतेच; करिंथ येथे प्रेषित पौलानेही राहुट्या करण्याचा धंदा केला. त्याहून जिव्हारी लागते ते नियमित येणारे कुटुंब काही न सांगता उपासनेला यायचे थांबते तेव्हा.

आनंद मात्र अगदी अनपेक्षितपणे येतो. महिनोन्‌महिने गप्प बसलेली व्यक्ती एके दिवशी स्वतःच्या साध्या शब्दांत, अडखळत का होईना, मोठ्याने प्रार्थना करते, तेव्हा पाळकाचे, म्हणजे मंडळीच्या धर्मसेवकाचे, सगळे श्रम हलके होतात. पुढे त्याच विश्वासणाऱ्यांमधून वडील, म्हणजे मंडळीची जबाबदारी सांभाळणारे पुढारी, नेमायचे असतात. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांनी लुस्त्र व इकुन्या या नगरांत उपास आणि प्रार्थना करून वडील नेमले, मंडळ्यांना प्रभूच्या हाती सोपवले आणि ते पुढे निघाले. असे निघणे, माझ्या मते, सुरुवात करण्याहून कठीण आहे.