सण नसलेल्या बाईची ड्यूटी

आमच्या रक्तपेढीत महिन्याचा ड्यूटी चार्ट पेन्सिलीने लिहायची पद्धत आहे. तो बदलणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं. महिना संपेपर्यंत माझ्या नावाच्या ओळीत कागद खोडून खोडून इतका झिजायचा की पलीकडचा उजेड दिसावा. मी देव मानत नाही, हे एकदा बोलता बोलता सांगून बसले होते. तेव्हापासून यच्चयावत धर्मांचे सण माझ्या वाट्याला आले. साजरे करायला नव्हे, रात्रपाळी करायला.

"तुला काय गं, तुझं कुठे काही असतं!"

सुरुवातीला मला याचं काही वाटायचं नाही. कुणाचं पोर घरी वाट बघतंय, आपण बसलो एक रात्र तर काय बिघडलं? पण तिसऱ्या वर्षी, बहीण बऱ्याच काळाने दोन दिवस येणार होती म्हणून मी रजा मागितली, तर अर्ज परत आला. 'हे सबळ कारण नाही.' त्याच टेबलावर धार्मिक कारणाचे दोन अर्ज मंजूर होऊन पडले होते. त्या दोघींचा राग नाही आला. राग आला तो 'कारण' नावाच्या रकान्याचा.

मग वाचायला लागले. 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातलं 18 वं कलम विचार, सदसद्विवेक आणि धर्म या तिन्हींचं स्वातंत्र्य एका दमात सांगतं. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयासमोर 1993 मध्ये ग्रीसमधला खटला होता, धर्मप्रचारासाठी शिक्षा झालेल्या कोक्किनाकिस यांचा. निकाल देताना न्यायालयाने म्हटलं की हे स्वातंत्र्य नास्तिकांना, संशयवाद्यांना आणि ज्यांना या कशाचंच सोयरसुतक नाही त्यांनाही मोलाचं आहे. त्या शेवटच्या गटात मी चपखल बसते.

अमेरिकेतला ग्रॉफ खटला मात्र गळ्याखाली उतरायला वेळ लागला. रविवार पाळणाऱ्या टपाल कर्मचाऱ्याचं प्रकरण. 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितलं की किरकोळ अडचण दाखवून अशी सवलत नाकारता येणार नाही. कामावर खरोखर मोठा बोजा पडतो हे मालकाने दाखवायला हवं. तत्त्व पटलं. पण वाचताना माझा जीव त्याच्याऐवजी त्याचे रविवार करणाऱ्यांमध्येच अडकला होता. सवयीचा परिणाम.

पुढे चार्ट करायचं काम माझ्याकडेच आलं. मी मोठ्या थाटात जाहीर केलं, सण-बिण काही बघायचं नाही, चक्राकार पाळ्या. झाली की धर्मनिरपेक्षता! सोव्हिएत रशियात 1929 मध्ये असंच काहीसं करून बघितलं होतं. पाच दिवसांचा आठवडा, कामगारांचे पाच गट, प्रत्येकाची सुट्टी वेगळी, रविवार गायब. नवऱ्याची सुट्टी एका दिवशी, बायकोची दुसऱ्या. 1931 मध्येच त्यावरून मागे फिरावं लागलं. माझा चार्ट दोन महिनेही टिकला नाही.

आता रकाना काढून टाकलाय. वर्षातले ठरावीक दिवस ज्याचे त्याने आधी निवडायचे, कारण लिहायचं नाही. प्रार्थनेला निवडा नाहीतर लोळायला. एका दिवसावर दोघांनी बोट ठेवलं की वाद होतातच, त्याला माझ्याकडे औषध नाही.

एक गोष्ट यात बसत नव्हती. एका सहकारिणीला रोज ठरलेल्या वेळी प्रार्थनेसाठी दहा मिनिटं लागतात. "नियम सगळ्यांना सारखा," असं मी तिला सुनावलं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर. आता त्या वेळेला रक्ताच्या पिशव्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरत असतील असं जुळवून घेतो. यंत्र लावून ती जाते, थांबायच्या आत परत येते. तेवढ्या वेळात फोन मी घेते.

परवा मी तिला माझी एक रविवारची पाळी घेशील का विचारलं. "घेते," म्हणाली, का ते विचारलं नाही. मला नुसतं झोपायचं होतं.