बंबात गेलेली फाइल

माझ्या छातीच्या मधोमध एक उभा व्रण आहे. १९८७ साली, मी सहा वर्षांची असताना, मुंबईत माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली, तिची ती खूण. सोलापुरातल्या आमच्या वाड्यात या साऱ्या प्रकरणाला एकच नाव होते : ‘भोक बुजवले’. पुढे तीस वर्षे कोणी विचारले की मीही तेच दोन शब्द सांगत असे, आणि ते किती अपुरे होते हे मला सदतिसाव्या वर्षी समजले.

२०१८ च्या जानेवारीत, गड्ड्याच्या यात्रेत, होम मैदानावर मुलीचा हात धरून चालत असताना छातीत एकाएकी धडधड सुरू झाली आणि ती थांबेना. त्याआधी वर्षभर शाळेचा दुसरा मजला चढताना दम लागत होता, परंतु वय आणि वजन ही दोन कारणे शिक्षिकेच्या तोंडी नेहमी तयार असतात. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी ईसीजी आणि टूडी इको केला. हृदयाची उजवी बाजू फुगली आहे एवढे सांगून त्यांनी विचारले, “लहानपणी नेमके काय केले होते? ठिगळ कुठवर लावले होते? त्या वेळची फाइल आणा.”

फाइल नव्हती. ती होती, पण २००३ साली माझ्यासाठी स्थळे पाहायला सुरुवात झाली तेव्हा आत्याच्या सल्ल्यावरून वडिलांनी ती अंघोळीच्या पाण्याच्या बंबात घातली. छातीवरचा व्रण लपवण्यासाठी बंद गळ्याचे ब्लाउज शिवता येतात, मात्र रुग्णालयाचे नाव छापलेली जाड फाइल पाहुण्यांच्या हाती लागली तर काय सांगणार, असा तो विचार होता. मी वडिलांना दोष देत नाही. गिरणीतल्या पगारावर कर्ज काढून त्यांनी मला मुंबईला नेले होते, आणि मुलगी ‘बरी झाली’ यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. आईला मात्र एक वाक्य आठवत होते : “दरवर्षी दाखवायला आणा म्हणाले होते गं डॉक्टर. दोनदा नेलं. नंतर तू पळायला लागलीस, मग कशाला न्यायचं?” मुंबईच्या रुग्णालयात जाऊन चौकशी केली, तेव्हा इतक्या जुन्या नोंदी आता मिळणार नाहीत असे उत्तर मिळाले.

कागद नसल्यामुळे निदानाची सुरुवात आईच्या आठवणींपासून झाली. लहानपणी माझे ओठ आणि नखे निळसर दिसत, आणि खेळता खेळता मी गल्लीतच उकिडवी बसत असे. शेजारणींना तो लाजाळूपणा वाटे. पुण्याच्या डॉक्टरांनी हे ऐकताच मान डोलावली. उकिडवे बसल्याने पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, शरीराकडे जाणाऱ्या रक्ताला अडथळा वाढतो आणि त्यामुळे जास्त रक्त फुप्फुसांकडे वळते. मुलाला हे कोणी शिकवत नाही, ते त्याचे त्याला सापडते. या विकाराला ‘टेट्रालॉजी ऑफ फॅलो’ म्हणतात. फ्रान्समधील मार्से येथील डॉक्टर आर्तूर फॅलो यांनी १८८८ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. भोक हा त्यातला चौथा हिस्सा. दोन जवनिकांमधील, म्हणजे हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील, पडद्याला छिद्र, फुप्फुसाकडे जाणारा मार्ग अरुंद, महारोहिणी, म्हणजे शरीराकडे रक्त नेणारी मुख्य रक्तवाहिनी, त्या छिद्रावर सरकलेली आणि उजव्या जवनिकेची भिंत जाड, असे चार दोष एकत्र असतात. आमच्या वाड्याने त्यांतील तीन वगळले होते.

१९४४ मध्ये अमेरिकेत बाल्टिमोर येथे हेलन टॉसिग, आल्फ्रेड ब्लॅलॉक आणि व्हिव्हियन थॉमस यांच्या प्रयत्नांतून निळ्या बाळांसाठी पहिली शस्त्रक्रिया झाली. ती मूळ दोष तसाच ठेवून फुप्फुसांकडे रक्ताची एक वेगळी वाट काढून देणारी होती. संपूर्ण दुरुस्ती प्रथम १९५४ मध्ये वॉल्टन लिलेहाय यांनी मिनेसोटात केली. माझ्यावर झालेली शस्त्रक्रिया याच दुसऱ्या प्रकारची. तीत अरुंद मार्ग रुंद करण्यासाठी बहुधा त्या मार्गातील झडपेच्या कड्यावरून आरपार चीर देऊन तेथे ठिगळ लावले जाई, आणि मग ती झडप मिटेनाशी होई. झडप गळती राहिली तरी उजवी जवनिका ते सोसते, अशी त्या काळची समजूत होती. ती खरोखरच सोसते, पण काही दशकेच. माझ्या बाबतीत हृदयाने पुढे ढकललेल्या रक्तापैकी निम्म्याच्या आसपास रक्त प्रत्येक ठोक्याला मागे येत होते. एमआरआयमध्ये उजव्या जवनिकेचे आकारमान मोजतात; शरीरपृष्ठाच्या दर चौरस मीटरमागे ते १५० ते १६० मिलिलिटरच्या पुढे जाऊ लागले की नवी झडप बसवण्याचा विचार होतो, कारण त्यानंतर फुगलेले स्नायू मूळ आकारावर येतीलच याची खात्री राहत नाही. माझा आकडा १७१ होता.

शस्त्रक्रियेआधी घरी सांगणे भाग होते. पतींना लग्नानंतर आठवड्याभरातच मी सारे सांगितले होते, सासूबाईंना नाही. त्या बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग म्हणाल्या, “चौदा वर्षं माझ्या घरची वाळवणं तू गच्चीवर नेलीस, आणि मला सांगावंसं वाटलं नाही तुला?” मला रडू आले ते त्या वाक्याने, डॉक्टरांच्या कोणत्याही वाक्याने आले नव्हते. पुढचा प्रसंग झडपेचा. उजव्या बाजूला धातूच्या झडपेत गुठळी होण्याचा धोका अधिक, म्हणून तेथे प्राणिज ऊतींची झडप पसंत करतात, आणि माझ्यासाठी सुचवलेली झडप गायीबैलांच्या हृदयावरणापासून केलेली होती. आमचे घर सिद्धेश्वराचे, श्रावणात कांदासुद्धा न खाणारे. सासूबाई म्हणाल्या, “नंदी आपल्या दारातलाच आहे. त्याने दिलं तर घ्यावं.” या विषयावर घरात पुन्हा चर्चा झाली नाही.

२०१९ च्या सप्टेंबरात पुण्यात दाखल झाले, तेव्हा माझी खाट लहान मुलांच्या हृदयविभागात होती. जन्मजात दोषांची रचना जाणणारे शल्यविशारद तेथेच असतात. मोठ्यांच्या विभागाचा बहुतेक वेळ रक्तवाहिन्यांतील अडथळ्यांत जातो. भिंतीवर छोटा भीम, शेजारी आठ महिन्यांचे बाळ आणि मध्ये अडतीस वर्षांच्या बाई, हे दृश्य विनोदी असले तरी आमच्यासारख्यांची खरी जागा त्यातून कळते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची मर्यादा अठरा वर्षे आहे. एकोणिसाव्या वर्षी हृदय तेच राहते, त्याची दरवर्षी चौकशी करणारे मात्र कोणी उरत नाही. प्रगत देशांत जन्मजात हृदयदोष असलेल्या प्रौढांची संख्या आता मुलांपेक्षा अधिक आहे, आणि हे शस्त्रक्रियांचेच यश असल्याने त्याची सोय आधी व्हायला हवी होती, असे मला वाटते.

छाती दुसऱ्यांदा उघडणे पहिल्यापेक्षा अवघड असते. जुन्या शस्त्रक्रियेनंतर हृदय आतून उरोस्थीला चिकटलेले असू शकते, आणि हाड कापताना करवत थेट त्यावर लागू शकते. म्हणून आधी सीटी स्कॅन करून हाड आणि हृदय यांतील अंतर पाहिले गेले, आणि गरज पडल्यास रक्त तेथून हृदय-फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राकडे वळवता यावे यासाठी जांघेतील रक्तवाहिन्याही तयार ठेवल्या गेल्या. तशी वेळ आली नाही. तिसऱ्या दिवशी शल्यविशारद खाटेजवळ आले आणि म्हणाले, “तुमचे ठिगळ आम्हाला सापडले. १९८७ च्या त्या डॉक्टरांचे टाके फार सुबक होते.” वडील तेव्हा हयात नव्हते, हे त्यांना ऐकायला मिळायला हवे होते.

ही झडप साधारण दहा ते पंधरा वर्षे टिकेल. त्यानंतर बहुधा छाती न उघडता, जांघेतील शिरेतून नळी नेऊन या झडपेतच दुसरी झडप बसवता येईल. हे तंत्र फिलिप बोनहोफर यांनी २००० साली प्रथम एका मुलावर वापरले. दंतवैद्याकडे दात काढण्याआधी मला प्रतिजैविक घ्यावे लागते, आणि ताप काही दिवस उतरला नाही तर रक्ताचे कल्चर, म्हणजे त्यात जंतू आहेत का याची तपासणी, केल्याशिवाय प्रतिजैविकाची कोणतीही गोळी घ्यायची नाही, अशी ताकीद आहे. मुलीचाही इको करून घेतला, कारण आईला दोष असेल तर मुलांमध्ये तो आढळण्याची शक्यता इतरांपेक्षा थोडी अधिक असते. तिचे हृदय निर्दोष आहे.

नव्या फाइलमध्ये शस्त्रक्रियेचा अहवाल, झडपेचा आकार व क्रमांक असलेले कार्ड आणि एमआरआयच्या दोन तबकड्या आहेत. ती सासूबाईंच्या कपाटात, दागिन्यांच्या कप्प्यात असते. पुण्याला तपासणीला निघताना त्या ती स्वतः काढून देतात आणि परत आल्यावर नवा कागद लागला आहे की नाही ते पाहून कुलूप लावतात.