एचकेयूएसटी-१ : भुकटीपासून अष्टफलकांपर्यंत

कॉपर अॅसिटेट आणि ट्रायमेसिक आम्ल (बेंझिनच्या कड्यावर तीन आम्लगट असलेले सेंद्रिय आम्ल) यांची अल्कोहोलमधील द्रावणे सामान्य तापमानाला एकत्र केली की लगेच निळा गढूळपणा येतो आणि तळाशी अतिशय बारीक भुकटी बसते. ही भुकटी एचकेयूएसटी-१ चीच, म्हणजे तांबे आणि ट्रायमेसिक आम्ल यांच्या सच्छिद्र जाळीदार संयुगाचीच असू शकते, पण स्फटिक पाहण्याची हौस तिच्यावर भागत नाही.

या घाईचे कारण कॉपर अॅसिटेटच्या रचनेतच आहे. त्याच्या स्फटिकात तांब्याचे दोन अणू सुमारे २.६ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) अंतरावर असतात आणि चार अॅसिटेट गट त्यांना चारही बाजूंनी जोडतात. १९९९ साली हाँगकाँगच्या विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठातून प्रसिद्ध झालेल्या आणि त्याच विद्यापीठाच्या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या या जाळीचा सांधा नेमका हाच आहे. म्हणजे सांधा आयता मिळतो आणि ट्रायमेसिक आम्लाला केवळ अॅसिटेटची जागा घ्यायची उरते. साहजिकच स्फटिकांची असंख्य सूक्ष्म बीजे एकाच वेळी तयार होतात आणि कोणालाच वाढायला पुरेसा माल मिळत नाही.

म्हणून या वेळी मिश्रणात अॅसिटिक आम्ल मुबलक घातले. तांब्यावरील जागेसाठी ते ट्रायमेसिक आम्लाशी स्पर्धा करते, जुळलेले बंध पुन्हा सुटू शकतात आणि चुकीच्या ठिकाणी बसलेला रेणू निघून योग्य जागी बसतो. मूळ पद्धतीत बंद पात्रात १८० अंश सेल्सिअस तापमान वापरले होते. मी मात्र अल्कोहोलच्या उत्कलनबिंदूच्या बऱ्याच खाली, ज्योत न वापरता, मंद ऊब दिली. फार तापवल्यास क्युप्रस ऑक्साइडची लालसर भेसळ येते, हेही त्यामागचे एक कारण होते.

भांड्याच्या भिंतीवर आलेले स्फटिक सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ अष्टफलक दिसतात. त्यांची त्रिकोणी पृष्ठे गुळगुळीत असून काहींची टोके किंचित छाटल्यासारखी आहेत. एकमेकांना काटकोनात ठेवलेल्या दोन ध्रुवकांमध्ये (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणाऱ्या चकत्यांमध्ये) ते कसेही फिरवले तरी काळेच राहतात, कारण घन (क्यूबिक, म्हणजे घनाकृती मांडणीच्या) प्रणालीच्या स्फटिकात प्रकाशाला सर्व दिशा सारख्याच असतात. ज्या भांड्यात पाण्याचे प्रमाण जास्त होते तेथे फिकट निळ्या सुयाही आल्या आणि त्या ध्रुवकांमध्ये झळाळून उठल्या. तांबे, ट्रायमेसिक आम्ल आणि पाणी यांपासून एकमितीय साखळ्यांचे संयुग तयार होते, ते अशाच सुयांच्या रूपात येते. या सुया तीच असाव्यात असा माझा कयास आहे. हौशी माणसासाठी ध्रुवकांहून स्वस्त कसोटी मला तरी ठाऊक नाही.

अष्टफलक हलके तापवले की आकाशी निळा रंग गडद होत जांभळटाकडे झुकतो, कारण तांब्याच्या अणूंना बाहेरून चिकटलेले पाण्याचे रेणू निघून जातात. दमट हवेत फिकटपणा कडांपासून आत सरकताना स्पष्ट दिसतो. मात्र भराभर तापवलेल्या स्फटिकांना तडे जातात, त्यामुळे यापुढे तापमान अगदी सावकाश चढवणार आहे.

ध्रुवकांवरून प्रणाली घन असल्याचा अंदाज येतो, जाळी कोणती हे कळत नाही. त्यासाठी क्ष-किरण आलेख हवा: तांब्याचे लक्ष्य असलेल्या नळीच्या क्ष-किरणांनी घेतलेल्या आलेखात ६.७, ९.५ आणि ११.६ अंशांच्या आसपास शिखरे आली, तर सुमारे २६.३ अँगस्ट्रॉम बाजूच्या एकक कोशाशी (जाळीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या सर्वात लहान ठोकळ्याशी) ती जुळतील. नमुना कुटून बारीक करून त्यासाठी वेगळा ठेवला आहे.