फ्रिजचं पाणी, संत्री अन दातातली कळ

उन्हाळ्यात आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या वरूड-मोर्शीकडे पारा 45 च्या आसपास गेला की माठाचं पाणी कोणाले पुरत नाही, फ्रिजचीच बाटली लागते, अन पहिल्याच घोटाला निम्मं घर गाल धरून बसतं. आमची आत्या म्हणते, "थंड पानी लागलं का मस्तकात जाते वं माय!" मग कोणी म्हणते लवंग धर, कोणी म्हणते कीड लागली, कोणी म्हणते आंगात उष्णता झाली. कीड असू शकते, पण लय वेळा नसते.

दाताचं वरचं कवच म्हणजे इनॅमल, त्याला जाणीव नसते. त्याच्या खाली डेंटिन असतं अन त्यात आतल्या नसेकडे जाणाऱ्या हजारो बारीक नळ्या असतात, बागेतल्या ड्रिपच्या नळ्या समजा, पाण्याने भरलेल्या. कवच झिजलं किंवा हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलं की या नळ्यांची तोंडं मोकळी होतात. थंड, गोड, आंबट, काहीही लागलं की आतलं पाणी हलते, नस ओढल्यासारखी होते अन कळ येते. साधी हवा लागली तरी येते.

आता हे झिजते काऊन? माझ्या मते आपल्याकडे पहिला गुन्हेगार घासणं. राख, मीठ, खरखरीत मंजन, मशेरी, गुडाखू, अन ब्रश असला तरी कडक केसांचा, तो पण भांडं घासल्यासारखा आडवा चालवायचा. हिरडीच्या कडेला दाताला खाच पडलेली दिसते, नख फिरवलं की अडकते, तिथंच सगळं दुखणं असते. दुसरा खर्रा. दिवसभर सुपारी चावून दाढा सपाट होतात अन तंबाखू-चुना हिरडीची वाट लावतात ते वेगळंच, पण खर्रा सोडा म्हटलं की पोट्टे आपल्यालाच वेड्यात काढतात, त्यामुळे पुढे जाऊ.

तिसरं संत्रं. तोडणीच्या दिवसात बागेत बसून एकामागून एक संत्री सोलत राहायची, शेवटी दात आंबून भाकर चावता येत नाही, हे आमच्याकडच्या प्रत्येकाला माहीत आहे. तोंडातला पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट) 5.5 च्या खाली गेला की इनॅमल विरघळायला लागते, अन संत्र्याचा रस त्याच्या बराच खाली असतो. म्हणून संत्री सोडायची नाहीत (शेतकऱ्याला असं सांगून पाहा), फक्त खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा अन अर्धा-एक तास ब्रश लावू नका, तेव्हा कवच नरम असते. कैरी, चिंच, कोल्ड्रिंक, सगळ्याला हेच. अन लिंबू-मीठ लावून दात पांढरे करायचे जे व्हिडिओ फिरतात ते तर बघूच नका.

मेडिकलमध्ये सेन्सिटिव्ह दातांची पेस्ट मागा अन डब्यावर वाचा, बऱ्याचदा पोटॅशियम नायट्रेट लिहिलेलं सापडते, बहुतेक 5 टक्के. संत्रावाल्यांनी नाव ओळखलं असेल, आपण बागेत फवारतो ते 13:00:45 खत तेच! पण खताची पुडी दातावर घासू नका बाप्पा, पेस्टमधलं वेगळ्या दर्जाचं असते. ते नसेला शांत करते, पण हळूहळू, दोन ते चार आठवडे रोज दोनदा लावावं लागते. लोक चार दिवस लावतात अन "काही फरक नाही पडत" म्हणून फेकून देतात, तिथंच घोळ होतो. सॉफ्ट ब्रश, हलका हात, फेस थुंकून टाका पण नंतर खळखळून चूळ भरू नका. रात्री झोपताना दुखऱ्या जागी थोडी बोटाने चोळून ठेवली तरी चालते.

हे सगळं कळ दोन-चार सेकंदात जात असेल तर. थंड काढल्यावरही ठणका मिनिटभर राहते, गरमने वाढते, रात्री झोपेतून उठवते, चावताना एकाच दाढेत चमक निघते किंवा हिरडी सुजते, तर ती पेस्टची गोष्ट नाही, आत नसेपर्यंत भानगड गेलेली असू शकते किंवा दाढ तडकलेली. जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नाहीतर नागपूरच्या सरकारी डेंटल कॉलेजात दाखवा. लवंगाच्या तेलाने तेवढ्यापुरतं बधिर होते, तोपर्यंत कापसाला थेंबभर लावलं तर ठीक. पण अ‍ॅस्पिरिनची गोळी चुरून हिरडीवर ठेवायची जी पद्धत आहे ती बंद करा, त्याने हिरडी भाजून पांढरी पडते अन दात दुखायचा तो दुखतोच.