चांगला पत्रा कुठून सुरू होतो

ज्या एमजीबीवर, म्हणजे जुन्या ब्रिटिश दोन दारी स्पोर्ट्स कारवर, मी वेल्डिंग शिकतो आहे, तिच्या इंजिनाची चिंता मला पुण्यात कधीच करावी लागली नाही. १७९८ सीसीचे हे इंजिन बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीच्या ‘बी सीरीज’ कुळातले आहे आणि आपल्या अॅम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षे धावलेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिनही त्याच कुळातले. त्यामुळे बॉनेट उघडले की जुन्या पिढीतल्या मिस्त्रीचा चेहरा खुलतो, आणि टॅपेट सेट करायला तर लोक नुसत्या चहावर यायला तयार असतात. पत्र्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. दाराखालचा भाग अंगठ्याने दाबल्यावर पापुद्रा आत गेलेला दिसला, की हेच लोक गाडीभोवती एक फेरी मारतात, ‘काम मोठं आहे’ म्हणतात आणि निघून जातात.

एमजीबी १९६२ साली आली आणि १९८० पर्यंत तयार होत राहिली. तिच्या आधीच्या एमजीएला स्वतंत्र चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, होती. एमजीबीला ती नाही. तिची बॉडी हीच तिची चासी आहे, आणि उघड्या टपाच्या गाडीत छताचा आधार नसल्यामुळे गाडी मधोमध वाकू न देण्याचे काम मुख्यतः दोन्ही दारांखालच्या सिलना, म्हणजे उंबरठ्यासारख्या लांब भागांना, करावे लागते. बाहेरून दिसणारा सिल हा त्यातला एक तुकडा झाला. त्याच्या आत एक उभा पत्रा असतो आणि खाली कॅसल रेल नावाची, खाचा असलेली पट्टी असते. हे सगळे फ्लोअरच्या कडेला जोडले गेले की एक बंद पेटी तयार होते. पुढच्या चाकाने उडवलेला चिखल फेंडरच्या आत, सिलच्या टोकाशी साठतो, तो ओल धरून ठेवतो, आणि गाडी पेटीच्या आतून गंजत जाते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागत असल्यामुळे तो सांध्यात शिरला की दोन पत्रे एकमेकांपासून फाकतात, आणि फाकलेल्या फटीत आणखी पाणी शिरते. माझी गाडी पुण्याला येण्याआधी मुंबईत समुद्राच्या वाऱ्यावर बरीच वर्षे उभी होती, त्यामुळे तिच्यात हे सगळे टप्पे एकाच वेळी पाहायला मिळाले.

अशा गाडीला एक सोपा उपाय नेहमी सुचवला जातो. जुन्या सिलवर नवा पत्रा चढवायचा, रिबिट मारायचे, आतून डांबर फासायचे आणि बाहेरून पुट्टी भरून रंग द्यायचा. रंग होईपर्यंत हे काम छानच दिसते. पण ओल आतच कोंडली जाते, वरचा पत्रा काहीही भार घेत नाही, आणि सडलेल्या पेटीवर गाडी तशीच तोललेली राहते. अशा गाडीची दारे सपाट जमिनीवर व्यवस्थित लागतात आणि मध्ये जॅक लावला की अडकतात. जुन्या गाड्यांच्या रंगावरून दुरुस्तीची पारख करणाऱ्यांनी एकदा हा जॅक लावून पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

वेल्डिंग शिकायचे ठरवल्यावर औंधच्या आयटीआयचा विचार मनात आला होता, पण वेल्डरचा तो अभ्यासक्रम एक वर्षाचा, पूर्ण वेळाचा, आणि नोकरी सांभाळून तो जमणार नव्हता. शेवटी भोसरीत फॅब्रिकेशनचा छोटा कारखाना चालवणारे एक काका शिकवायला तयार झाले. एमआयडीसीत साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते आणि माझीही सुट्टी त्याच दिवशी, त्यामुळे वेळ जुळली. माझी गाडी नऱ्ह्याला एका भाड्याच्या शेडमध्ये आहे; सुरुवातीचे धडे मात्र काकांच्या टेबलावर झाले.

त्यांच्याकडे रोजचे काम रॉडच्या आर्क वेल्डिंगचे चालते. गेट, ग्रिल आणि अँगल यांना ते उत्तमच, पण एक मिलिमीटरच्या आसपासच्या पत्र्यात त्याने भोक पाडणे फार सोपे आहे. गाडीसाठी मिग मशीन हवे, म्हणजे रॉडऐवजी सतत पुढे येणारी वायर वितळवणारे आणि वेल्डवर गॅसचे आवरण धरणारे; ०.८ किंवा ०.६ मिलिमीटरची वायर हवी, आणि गॅस शक्यतो आर्गॉन व कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण हवा. नुसता कार्बन डायऑक्साइड स्वस्त पडतो आणि जाड कामाला चालतो, पण त्याचा आर्क कडक असतो आणि ठिणग्यांचे दाणे आजूबाजूला फार चिकटतात. शेडमध्ये पंखा चालू ठेवता येत नाही, कारण वाऱ्याने गॅसचे आवरण उडून गेले की वेल्डमध्ये बारीक छिद्रे राहतात. एप्रिल-मेमध्ये जाड जॅकेट आणि हातमोजे घालून पंख्याविना काम करणे हा या छंदाचा असा भाग आहे, ज्याचे फोटो कोणी टाकत नाही.

काकांचे पहिले वाक्य होते, “साहेब, उजेडाकडे बघू नका, रसाकडे बघा.” आपोआप काळी होणाऱ्या काचेतून नवख्या माणसाला आधी फक्त लखलखाट दिसतो. त्याच्या मागे वितळलेल्या लोखंडाचे एक छोटेसे तळे असते, आणि वेल्डिंग म्हणजे त्या तळ्याच्या कडा दोन्ही पत्र्यांत शिरल्या की नाहीत हे पाहत हात पुढे नेणे. रस फक्त वर बसला असेल तर वेल्ड नुसता उंचवटा होऊन राहतो. कडा पसरून सपाट झाल्या असतील तर तो आत गेला आहे. वायरचा वेग आणि व्होल्टेज जमले की आवाजही बदलतो, आणि फटफट आवाजाऐवजी भजी तळताना येते तशी एकसारखी चरचर ऐकू येते. काका तर माझ्याकडे पाठ करून चहा पितानाच ‘वायर कमी करा’ असे सांगत.

त्यांनी करायला लावलेली चाचणी मात्र मला फार आवडली. कारखान्यात या बॉडीचे बहुतेक सांधे स्पॉट वेल्डिंगने, म्हणजे दोन पत्रे दाबून विजेने ठिपक्याठिपक्याने, जोडलेले असतात. आपण त्याऐवजी वरच्या पत्र्याला सहा-आठ मिलिमीटरचे भोक पाडून ते खालच्या पत्र्यापासून सुरुवात करत भरतो. असे जोडलेले दोन तुकडे व्हाइसमध्ये पकडायचे आणि छिन्नी-हातोडीने सोलून काढायचे. जोड चांगला असेल तर तो सुटत नाही. एका पत्र्याचा लचका तोडूनच दुसरा पत्रा बाजूला होतो. दिसायला सुंदर, गोल, गुळगुळीत ठिपका एका ठोक्यात टिचकन सुटला की त्या सौंदर्याचे काय करायचे ते कळते.

लांब सांध्यात खरा शत्रू उष्णता. वेल्ड थंड होताना आक्रसतो आणि शेजारचा पत्रा ओढून घेतो, म्हणून सलग ओळ न मारता लांब लांब टाके मारायचे. एक या टोकाला, पुढचा त्या टोकाला, मग मध्ये, आणि हात लावण्याइतका पत्रा निवल्याशिवाय त्याच्या शेजारी पुन्हा जायचे नाही. आक्रसलेला टाका डॉलीवर, म्हणजे पत्र्यामागे धरायच्या लोखंडी ठोकळ्यावर, धरून हातोडीने हलके ठोकला की पुन्हा ताणला जातो. अर्ध्या मीटरच्या सांध्याला त्यामुळे अख्खी दुपार लागते, आणि त्यातला आर्क पेटलेला काळ काही मिनिटांचाच असतो.

एवढे हाताला आल्यावर मग गाडीला हात लावला, आणि तिथे माझ्या मते या कामाचे मर्म आहे. वेल्डिंग येणे आणि कुठे वेल्ड करायचे ते कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी शिकवायला यूट्यूब फारसे उपयोगी पडत नाही. काका हातोडीच्या मागच्या टोकाने सिलवर एकेक इंच टकटक करत जातात. धड पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. बद्द आवाज जिथे संपतो तिथे ते खडूची रेघ मारतात, आणि मग ग्राइंडरवर फ्लॅप डिस्क लावून रेघेच्या पलीकडचा पत्रा चकचकीत करायला सांगतात. चकचकीत पत्र्यात काळे ठिपके उरले असतील, तर ते गंजाने खाल्लेले खड्डे आहेत आणि रेघ आणखी मागे न्यायची. शेवटचा निर्णय आर्क देतो: नव्या पत्र्यावर नीट बसणारा रस जुन्या कडेवर गेल्याबरोबर भोक पाडू लागला, तर मशीनचे आकडे फिरवत बसू नये, पत्रा अजून कापावा. अशा रीतीने माझ्या डाव्या बाजूला रेघ मागे सरकत सरकत बाहेरच्या सिलवरून आतल्या उभ्या पत्र्यापर्यंत आणि तिथून फ्लोअरच्या कडेपर्यंत गेली.

कापण्याआधी दाराच्या चौकटीत पुढून मागे चौकोनी पाइपचा आधार वेल्ड करून घेतला, कारण सिल काढल्यावर गाडी मध्ये खचली तर नवा सिल त्याच खचलेल्या मापात पक्का होतो आणि दार पुन्हा कधीच बसत नाही. याच कारणासाठी एका वेळी एकच बाजू उघडायची. पुढचे फेंडर बोल्टवर असल्यामुळे ते काढता येतात; मागचे बॉडीला वेल्ड केलेले असल्यामुळे त्यांचा खालचा कोपरा कापावाच लागतो, आणि तो वाचवण्याच्या लोभाने अर्धवट सिल बसवणारे पुष्कळ आहेत. नवे सिल आणि कॅसल रेल मी इंग्लंडहून मागवले. तिथे ब्रिटिश मोटर हेरिटेज या जुन्या गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीने १९८८ पासून एमजीबीची संपूर्ण बॉडीच पुन्हा बनवायला घेतली, त्यामुळे सुटे पत्रेही मिळतात. फ्लोअरची ठिगळे मात्र भवानी पेठेतल्या सीआरसी, म्हणजे थंड लाटलेल्या साध्या, पत्र्याची आहेत. जीआय, म्हणजे जस्त चढवलेला, पत्रा स्वस्त मिळत असला तरी त्यावरचा जस्ताचा थर जळून होणारा धूर छातीत गेला की ताप आणतो, म्हणून तो टाळला. मूळ आकाराला जराही धक्का न लावण्यामागे एक कारण कागदाचेही आहे: २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाडीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी करायची तर चासी, बॉडी आणि इंजिन यांत मोठे फेरफार झालेले चालत नाहीत.

वेल्डिंगच्या आधी पेट्रोलची टाकी उतरवून शेडबाहेर ठेवली, सीटमागच्या दोन्ही सहा व्होल्टच्या बॅटऱ्या काढल्या आणि कार्पेटखालचे डांबर खरवडले. ते पेटते आणि ठिणगी कुठे पडली ते आपल्याला हेल्मेटमधून दिसत नाही.

डावी बाजू आता बंद झाली आहे. आधाराचा पाइप कापल्यावर दाराची फट वर-खाली सारखी आहे, आणि जॅकवर घेतल्यावरही दार उघडते व लागते. सिलच्या आतल्या बाजूला, जिथे वेल्डने जस्ताचा प्रायमर जाळला आहे, तिथे आता ब्रश पोहोचत नाही. म्हणून लांब नळीने पातळ मेण फवारायचे आहे, आणि त्याआधी तळाची पाणी जाण्याची भोके वेल्डने किंवा प्रायमरने बुजलेली नाहीत ना, हे तार घालून एकेक तपासायचे आहे. जून लागण्याआधी तेवढे उरकले, तरी उजव्या बाजूवर हातोडी टकटकायला मी पावसाळा संपेपर्यंत थांबणार आहे, कारण दमट हवेत चकचकीत केलेल्या पत्र्यावर दुसऱ्या दिवशीच तांबूस झाक येते.