बुलेटवर जीपीएस बसवताना

हिमाचलातल्या स्पितीला बुलेटवरून जायचं ठरलं तेव्हा इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी पहिला प्रश्न काकांचा होता, "मोबाइल असताना वेगळं जीपीएस कशाला रे?" प्रश्न रास्तच. रेंज नसली तरी मोबाइलचं जीपीएस चालतं. उपग्रहाच्या सिग्नलला सिमकार्डाशी काही देणंघेणं नसतं, नकाशा आधी उतरवून ठेवला की झालं. त्यामुळे 'तिकडे नेटवर्क नसतं' हे कारण मी पुढे केलंच नाही.

खरं कारण थरथर. ॲपलने २०२१ मध्ये जाहीरच सांगितलं होतं की दणकट इंजिनाच्या मोटरसायकलच्या कंपनांनी फोनच्या कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन आणि ऑटोफोकस बिघडू शकतं, तेव्हा फोन थेट हँडलला लावू नका. शिवाय त्यांच्याच सांगण्यानुसार आयफोन वापरायचा तो ० ते ३५ अंशांत. इंदुरात मे महिन्यातल्या दुपारी पारा चाळिशीपार, आणि तिकडे स्पितीतल्या चंद्रताल तलावापाशी जूनमध्येही पहाटे हात गारठतात. म्हणजे दोन्ही टोकांना गडबड. वरून जाड हातमोजे घालून काचेवर बोट फिरवायचं तर दर वळणाला गाडी बाजूला घ्या, मोजा काढा, बघा, पुन्हा घाला.

म्हणून टचस्क्रीन नको हे आधीच पक्कं केलं. दुकानदार मोठा रंगीत पडदा दाखवत होता. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तो छानच दिसणार! मी यंत्र घेऊन बाहेर उन्हात आलो. हँडहेल्डचा, म्हणजे हातात मावणाऱ्या जीपीएसचा छोटा पडदा ऊन पडलं की उलट जास्त स्पष्ट दिसतो, कारण तो उन्हाचाच उजेड परतवतो. शेवटी बटणांचं, दोन पेन्सिल सेलवर चालणारं यंत्र घेतलं. सेल संपले तर बदलायचे, चार्जिंगसाठी कुणाच्या ढाब्यावर बसून राहायला नको. थंडीत साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात, लिथियमचे टिकतात. रिचार्जेबल वापरणार असाल तर मेनूत सेलचा प्रकार बदला. त्यांचा व्होल्टेज मुळात १.२, त्यामुळे यंत्र उगाच बॅटरी संपत आल्याचं दाखवत राहतं.

एका मित्राचा भाऊ परदेशातून उपग्रहावरून मेसेज पाठवणारं गार्मिन इनरीच आणून देणार होता. नको म्हटलं. भारतात असली उपकरणं परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे, विमानतळावरच लोक अडकले आहेत. नुसता सिग्नल घेणाऱ्या जीपीएसची गोष्ट वेगळी.

खरं डोकं खाल्लं ते बसवण्याच्या कामाने. जेल रोडवर मिळणारे प्लास्टिकचे होल्डर सायकलला ठीक. मी अ‍ॅल्युमिनियमचा, रबरी गोळ्याचा माउंट घेतला. हँडल २२ मिलिमीटरचं, क्लॅम्पची पकड त्याहून किंचित मोठी. मध्ये जुन्या ट्यूबचे वेढे दिले. परदेशीपुऱ्यातल्या लेथवाल्याने बघितलं आणि हसला. "भिया, इतना रबर लगाओगे तो झूलेगा।" त्याने ट्यूब काढून अ‍ॅल्युमिनियमची पातळ कडी बनवून दिली, आपोआप सैल न होणारा नायलॉक नट लावला, उरलेल्या बोल्टवर आटे धरून ठेवणाऱ्या लॉकटाइटचा थेंब टाकला. रबर हवं ते गोळ्यात, क्लॅम्पखाली नको, हे त्याचं म्हणणं मला लगेच पटलं.

जागा ठरवताना हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत फिरवून बघा. क्लचची केबल अडकता कामा नये, आणि चावी फिरवताना हात यंत्रावर आपटता कामा नये. मी मध्यापासून जरा डावीकडे घेतलं, उजव्या हाताला थ्रॉटल-ब्रेकचं काम पुरेसं असतं. चुंबकाने चिकटणारी टँक बॅग असेल तर ती यंत्रापासून लांब ठेवा. नाहीतर चुंबकामुळे उभ्या गाडीवर यंत्रातलं होकायंत्र भलतीच उत्तर दिशा दाखवतं.

इंदूरजवळच्या भेरूघाटात चाचणी घेतली तेव्हा खड्ड्यात यंत्र बंद पडायचं. सेल दणक्याने क्षणभर स्प्रिंगपासून सुटत होते. झाकणाच्या आत सायकलच्या ट्यूबची पट्टी चिकटवली, सेल घट्ट बसले, विषय संपला. गाडीच्या बॅटरीवरून वायर ओढावी असं दादाचं मत होतं, फ्यूज टाकून वगैरे. पण त्यासाठी यंत्राच्या मागचं, वायर खुपसायच्या जागेवरचं रबरी झाकण उघडं ठेवावं लागतं आणि नाल्याचं पाणी उडतंच. सेलवरच राहिलो.

नकाशा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनीच मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून केलेला, फुकटचा. यंत्राला रस्ता शोधायला लावलं नाही, ट्रॅकची, म्हणजे आधी कुणी गेलेल्या वाटेच्या नोंदीची रेघच टाकली. रेघ आपल्याला शहाणपण शिकवत नाही. मात्र ट्रॅक २०२० नंतरचा आहे ना, हे बघा. जुने ट्रॅक रोहतांग खिंडीवरून नेतात, अटल बोगदा त्यात नसतोच. बोगद्यात नऊ किलोमीटर उपग्रह दिसत नाहीत, यंत्र सरळ रेघ मारून मोकळं होतं. बाहेर आल्यावर डावीकडे सिस्सू-केलाँग, स्पितीला उजवीकडे कोकसर-ग्राम्फू. तिथे गर्दी डावीकडे वळते, आणि मागून हॉर्न वाजत असताना पडद्यावर एक नजर टाकून उजवीकडे वळता येणं, यासाठीच तर हा सगळा खटाटोप.

ग्राम्फूपासून बातलपर्यंत दगड आणि पाणीच जास्त. रोज सकाळी निघण्याआधी ॲलन कीने सगळे बोल्ट तपासायचो. क्लॅम्पचा हलला नाही. सैल झाला तो माउंटचा गोळा पकडणारा हात, तोही धुळीने. फडक्याने पुसून पुन्हा आवळला. सुरक्षेची दोरी हँडलला बांधलेली होतीच, ती बांधाच. काझाला पोचेपर्यंत सेलची एक जोडी बदलावी लागली.